‘केव्हाही बंद पडते’ : नाशिकमधील एका सेवा केंद्रातील यूएसबी उपकरणांचा बिघाड

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, जिल्हाधिकारी कार्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एक छोटे सेवा केंद्र आहे. दाखल्यांचे अर्ज भरणे, शेतकऱ्यांची ई-केवायसी करणे आणि निवृत्तिवेतनधारकांचे डिजिटल हयातीचे दाखले काढणे ही तेथील मुख्य कामे आहेत. केंद्र एक गृहस्थ चालवतात आणि काउंटरवर एक तरुणी बसते. ओळख उघड होऊ नये म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख केंद्रचालक आणि ताई एवढाच केला आहे. ताई हे संबोधन तेथे येणाऱ्या वयस्कर मंडळींनीच रूढ केले आहे.

केंद्रात एकच डेस्कटॉप होता. त्याला कीबोर्ड आणि माऊस यांच्याशिवाय बोटाचे ठसे घेणारे थंब मशीन, वेबकॅम, डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर अशी चार यूएसबी उपकरणे जोडलेली होती. २०२४ च्या दसऱ्याला केंद्राची मांडणी बदलण्यात आली. काउंटर दरवाजाजवळ आणला गेला, परंतु सीपीयू मागच्या भिंतीशी होता तेथेच राहिला. मधले अंतर भरून काढण्यासाठी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल जोडून तिच्या टोकाला एक स्वस्त हब, म्हणजे एका पोर्टचे चार पोर्ट करणारी डबी, लावण्यात आला. थंब मशीन, वेबकॅम आणि टोकन ही तिन्ही उपकरणे त्या हबवर आली. प्रिंटर, कीबोर्ड आणि माऊस आपापल्या लांब तारांनी मागच्या पोर्टनाच जोडलेले राहिले.

ही मांडणी केली तेव्हा कोणालाही तिच्यात काही वावगे वाटले नाही. एकेक उपकरण लावून पाहिले आणि प्रत्येक चालले.

अडचण

दसऱ्यानंतर आठवड्याभरातच थंब मशीन मधूनच काम करेनासे झाले. ठसा घेत असताना पडद्यावर उपकरण सापडत नसल्याचा संदेश येई. तार काढून पुन्हा लावली की ते चाले, कधी दोन-तीनदा लावावी लागे, तर कधी संगणकच पुन्हा सुरू करावा लागे.

सुरुवातीचे काही दिवस दोष ग्राहकांच्या बोटांना दिला गेला आणि त्याला तसे कारणही होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले निवृत्त कामगार आणि दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून येणारे शेतकरी यांच्या बोटांवरील रेषा खरोखरच झिजलेल्या असतात. अशा बोटांचा ठसा जुळत नाही हा ताईंचा रोजचा अनुभव होता. त्यामुळे ‘ठसा जुळला नाही’ आणि ‘उपकरण सापडले नाही’ हे दोन पूर्णपणे वेगळे संदेश एकाच नावाखाली गेले. मशीन अंगठा घेत नाही, एवढेच केंद्रचालकांच्या कानावर येत राहिले. पहिल्या संदेशात यंत्र व्यवस्थित चालू असते आणि नकार आधारच्या पडताळणीतून येतो. दुसऱ्या संदेशात ठसा संगणकाबाहेर पडलेलाच नसतो. मशीन आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्राम असतो. यूएसबी जोडणी क्षणभर तुटली तरी त्याला उपकरण पुन्हा ओळखावे लागते आणि तोवर ग्राहक बोट टेकवून तसाच बसून राहतो.

हे सारे नोव्हेंबरच्या तोंडावर घडत होते. सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला या महिन्यात द्यावा लागतो. सुरगाण्याहून सकाळच्या एसटीने आलेल्या एका आजींना संध्याकाळपर्यंत थांबूनही काम न होता परतावे लागले, हे सांगताना ताईंचा आवाज बदलला होता. या प्रकरणात मी शेवटपर्यंत लक्ष घातले, त्यामागे हे एक कारण आहे.

माझ्या आधी झालेले उपाय

केंद्रचालकांनी दिवाळीच्या सुट्टीत एका ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने मशीनचा ड्रायव्हर बदलला, आरडी सर्व्हिस नव्याने टाकली आणि तरीही बिघाड दिसल्यावर विंडोजच नव्याने टाकले. या शेवटच्या उपायाने दोन नुकसाने झाली, जी त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाहीत. कोणते उपकरण कधी जोडले गेले आणि कधी तुटले यांच्या विंडोजमधील जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. शिवाय संगणकाच्या सर्व सेटिंग मूळ स्थितीवर गेल्या. त्यांपैकी एका सेटिंगचा पुढे मोठा संबंध आला.

दिवाळीनंतर केंद्र उघडले तेव्हा बिघाड कमी होण्याऐवजी वाढला होता. पूर्वी गर्दीतच मशीन बंद पडे, ते आता निवांत वेळीही पडू लागले. ११ नोव्हेंबरला मला बोलावण्यात आले तेव्हा केंद्रचालकांचे पहिले वाक्य होते, “केव्हाही बंद पडतं, काही नेम नाही.”

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी आमच्यापुढे चार पर्याय होते. नवे थंब मशीन घ्यायचे तर सुमारे तीन हजार रुपये लागणार होते आणि केंद्रचालकांचा कल तिकडेच होता. दुसरा पर्याय मदरबोर्ड बदलण्याचा किंवा त्यात वेगळे यूएसबी कार्ड बसवण्याचा होता. तिसरा पर्याय काउंटर आणि सीपीयू पुन्हा जवळ आणण्याचा होता. त्याला पैसे लागत नव्हते, पण अर्धा दिवस केंद्र बंद ठेवावे लागणार होते. चौथा पर्याय कशालाही हात न लावता चार दिवस बिघाडाची नोंद ठेवण्याचा होता.

मी चौथा पर्याय सुचवला. केंद्रचालकांना तो पटला नाही आणि त्यांचा आक्षेप योग्यच होता. ऐन हंगामात चार दिवस नुसते पाहत बसायचे, तर त्या चार दिवसांत आलेल्या लोकांनी काय करायचे? त्यावर आम्ही एक तडजोड काढली. जीवन प्रमाणसाठी, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी, स्मार्टफोनवरून चेहऱ्याने पडताळणी करण्याची सोय २०२१ च्या नोव्हेंबरपासून उपलब्ध आहे. मशीन अडले की हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला थांबवून न ठेवता लगेच त्या मार्गाने मोकळे करायचे असे ठरले. ही तडजोड नसती तर चार दिवस थांबण्याचा आग्रह मी धरला नसता. बिघाड शोधण्याची किंमत रांगेतल्या माणसाने मोजावी, हे मला मान्य नाही.

नोंदवहीत काय दिसले

शंभर पानी वहीवर पाच रकाने आखले : वेळ, पडद्यावरचा नेमका संदेश, त्या क्षणी चालू असलेले काम, मशीन एकटेच गेले की वेबकॅम आणि टोकनही गेले, आणि त्याआधी किती वेळ काउंटर रिकामा होता. संगणकाला स्पीकर नव्हता. मी एक जुना छोटा स्पीकर लावून दिला. उपकरण तुटले की विंडोज उतरत्या सुराचा एक आवाज करते आणि जोडले गेले की चढत्या सुराचा. एरवी ज्या तुटण्याकडे कोणाचे लक्ष गेले नसते, ते या आवाजामुळे नोंदले गेले. काही वेळा तर मशीन वापरात नसतानाही ते तुटून पुन्हा जोडले जात होते.

१२ ते १६ नोव्हेंबर या काळात, मधली कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी वगळता, चार दिवसांत सतरा नोंदी झाल्या. त्यांपैकी अकरा नोंदींत तिन्ही उपकरणे एकदम गेली होती आणि त्या सगळ्या गर्दीच्या वेळच्या, वेबकॅमने फोटो घेऊन लगेच ठसा घेताना झालेल्या होत्या. उरलेल्या सहा नोंदींत फक्त थंब मशीन गेले होते, आणि प्रत्येक वेळी त्याआधी काउंटर दहा मिनिटांहून अधिक काळ रिकामा होता. दुपारच्या जेवणानंतरचा पहिला ग्राहक हमखास त्यात सापडे.

केंद्रचालकांचे ‘केव्हाही’ म्हणजे दोन ठरावीक वेळा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एक बिघाड कामाचा भार वाढला की होत होता आणि दुसरा काम थांबले की. एकाच यंत्रावर हे दोन्ही दिसत असल्यामुळे एकाचे कारण शोधायला गेले की दुसरा त्याला खोटे पाडत असे. तिन्ही उपकरणे एकदम जातात तेव्हा दोष त्यांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे हब, केबल किंवा पोर्ट यांपैकी कशात तरी शोधावा लागतो. तीन वेगवेगळ्या बनावटीची उपकरणे एकाच क्षणी नादुरुस्त होण्याची शक्यता जवळपास नसते. नवे मशीन घेण्याचा विचार या टप्प्यावर बाजूला पडला.

आड आलेली अर्थिंगची बाब

तपासणी करताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागले आणि हाताला झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्यात, विजेतील खरखर गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो; नसेल तर बॉडी सुमारे निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहिला. तीन पिनांच्या प्लगमागे दोनच तारांची वायर होती. भिंतीतील सॉकेटला अर्थिंग होते, ते बोर्डापर्यंत पोहोचतच नव्हते.

हे काम थांबवून ठेवण्यासारखे नव्हते. एखाद्या उपकरणात खरीखुरी गळती झाली असती तर काउंटरवरच्या माणसाच्या जिवावर बेतले असते. १६ तारखेच्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने तीन तारांची वायर घालून बोर्ड नवा केला आणि टेस्ट लॅम्पने खात्री करून दिली. अशा ठिकाणी नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नये, कारण अर्थची तार तुटलेली असली तरी मल्टीमीटर फसवे व्होल्टेज दाखवू शकतो. दिवा मात्र खऱ्या जोडणीवरच नीट पेटतो.

अर्थिंग हेच मूळ कारण असावे असे मला त्या रात्री मनापासून वाटले होते. त्यामुळे त्याच दिवशी हब आणि केबलही बदलून टाकण्याचा मोह झाला. तो आवरला आणि १८ व १९ नोव्हेंबरला फक्त पाहिले. दोन्ही प्रकारचे बिघाड पूर्वीसारखेच चालू राहिले. अर्थिंग करणे आवश्यकच होते, परंतु या बिघाडाशी त्याचा संबंध नव्हता. दोन्ही बदल एकदम केले असते तर हे आम्हाला कधीच कळले नसते.

मोजमाप

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. केंद्र बंद असल्यामुळे मला निवांतपणे मोजता आले. महात्मा गांधी रोडवरून मी यूएसबीच्या मध्ये लावायचा छोटा मीटर आणला होता. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देईल असे त्याचे मानक सांगते, आणि अशा पोर्टचे व्होल्टेज ४.७५ च्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा असते. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टवर ५.०६ व्होल्ट मिळाले आणि पुढच्या पोर्टवर ४.९८. एक्स्टेन्शन केबलच्या टोकाला, हब जोडलेला पण उपकरणे शांत असताना, ४.८१ मिळाले. वेबकॅम सुरू करून मशीनवर बोट टेकवल्यावर आकडा ४.३४ वर आला. असा मीटर सरासरी दाखवतो, म्हणजे क्षणिक घसरण याहूनही खोल असणार, आणि हबच्या पुढे ती आणखी वाढणार.

हा आकडा हिशेबानेही जुळतो. अशा स्वस्त केबलमधील तारा बहुधा २८ गेजच्या असतात आणि त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. तीन मीटर जाणे आणि तीन मीटर येणे मिळून सहा मीटर, म्हणजे सुमारे १.३ ओहम. वेबकॅम, मशीनमधला दिवा, टोकन आणि खुद्द हब मिळून साडेचारशे मिलिअँपिअर घेत असतील तर केबलमध्येच जवळपास सहा दशांश व्होल्ट खर्ची पडतात. व्होल्टेज एवढे घसरले की हबमधील चिप नव्याने सुरू होते आणि त्यावरची सगळी उपकरणे एकदम नाहीशी होतात. पाच मीटरपर्यंतची केबल चालते असे सर्वत्र सांगितले जाते; ती मर्यादा योग्य जाडीच्या तारांची, एका केबलची आहे. बारीक तारांची एक्स्टेन्शन, त्यावर हब आणि त्यापुढे उपकरणांच्या स्वतःच्या तारा अशी साखळी त्यात बसत नाही.

एक प्रश्न मात्र उरत होता : विंडोजने या अतिरिक्त भाराची सूचना का दिली नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीत, त्या हबच्या पॉवरच्या पानावर उत्तर मिळाले. संगणकाच्या पोर्टवरूनच वीज घेणाऱ्या हबने प्रत्येक पोर्टला फक्त १०० मिलिअँपिअर देणे अपेक्षित असते. हा हब मात्र स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असल्याचे संगणकाला कळवत होता, जो त्याला नव्हता. त्यामुळे प्रत्येक पोर्टला ५०० मिलिअँपिअर उपलब्ध असल्याचे विंडोज धरून चालले होते. स्वस्त हबमध्ये हे सर्रास आढळते. म्हणून त्या पानावरील आकड्यांना मी केवळ उपकरणाचे म्हणणे समजतो. प्रत्यक्ष किती वीज जाते ते मीटरनेच कळते.

कार्यवाही

२१ नोव्हेंबरला सीपीयू उचलून काउंटरखाली आणला आणि थंब मशीन त्याच्या स्वतःच्या तारेने थेट मागच्या पोर्टला जोडले. पुढचे पोर्ट आतील एका वेगळ्या तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात, मागचे मदरबोर्डवरच बसवलेले असतात. महत्त्वाचे उपकरण मागेच असावे. हब आणि एक्स्टेन्शन काढून टाकले आणि वेबकॅम व टोकनही तात्पुरते मागेच लावले.

२३ तारखेपर्यंत तिन्ही उपकरणे एकदम जाण्याचा प्रकार एकदाही घडला नाही. मात्र मशीन एकटे जाण्याचा प्रकार तीनदा घडला. या प्रकरणातील सर्वांत अवघड क्षण हा होता. केंद्रचालकांच्या दृष्टीने माझाही उपाय फसला होता आणि त्यांनी नव्या मशीनचा विषय पुन्हा काढला. त्यांच्यासमोर वही उघडून तिन्ही नोंदी दाखवल्या : तिन्ही वेळा त्याआधी काउंटर रिकामा होता. पहिला बिघाड गेला होता, दुसऱ्याला अजून कोणी हातच लावलेला नव्हता.

दुसऱ्याचे कारण वीज वाचवण्याच्या सोयीत होते. काही काळ न वापरलेल्या यूएसबी उपकरणाला विंडोज झोपवते आणि गरज पडली की उठवते. बहुतेक उपकरणे नीट उठतात, हे मशीन उठत नव्हते. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केले. तसेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या, म्हणजे संगणकातच असलेल्या हबच्या, पॉवर मॅनेजमेंट पानावर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकली. केंद्रात पूर्वी काम केलेल्या एका मुलाला केंद्रचालकांनी फोन केला, तेव्हा त्याने मशीन नवे असताना याच खुणा काढल्या होत्या असे सांगितले. विंडोज नव्याने टाकल्यावर त्या परत आल्या होत्या. दिवाळीनंतर बिघाड का वाढला, याचा उलगडा त्या फोनवर झाला.

निष्पत्ती

२५ ते ३० नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा शेवटचा आणि सर्वाधिक गर्दीचा आठवडा होता. त्या सहा दिवसांत वहीत एकही नोंद झाली नाही. काही ज्येष्ठांचे ठसे जुळले नाहीत, ते होणारच होते. पण आता तो संदेश वेगळा ओळखता येत होता आणि ताई लगेच दुसरे बोट किंवा चेहऱ्याची पडताळणी वापरत होत्या.

डिसेंबरमध्ये वेबकॅम आणि टोकनसाठी स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब घेतला. तो निवडताना एक चाचणी केली : संगणक बंद करून हबचा अॅडॅप्टर चालू ठेवला आणि संगणकाच्या दुसऱ्या पोर्टवरील माऊसचा दिवा पेटतो का ते पाहिले. पहिल्या हबवर तो पेटला, म्हणजे हबची वीज उलटी संगणकात शिरत होती. तो परत केला आणि दुसरा घेतला. हब, मीटर आणि बोर्डाची नवी वायर मिळून झालेला खर्च नव्या थंब मशीनच्या निम्म्याहून कमी होता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी मी बिघाड कधीपासून आहे हे विचारले, पण त्या सुमारास केंद्रात काय बदलले हे विचारले नाही. काउंटर हलवल्याचे मला तिसऱ्या दिवशी, तेही बोलण्याच्या ओघात कळले. तो प्रश्न आधी विचारला असता तर एक्स्टेन्शन केबलवर संशय पहिल्याच दिवशी गेला असता.

मशीन थेट मागच्या पोर्टला लावून पाहण्याची चाचणीही फुकट होती आणि ती नोंदवहीच्या दुसऱ्या दिवशी करता आली असती. मी चार दिवस थांबलो, कारण दोन बिघाड असतील हे मला ठाऊक नव्हते आणि अपुऱ्या नोंदींवर निष्कर्ष काढायचा नव्हता. आज पाहता दोन दिवसांतच आकृतिबंध दिसू लागला होता. ते उरलेले दोन दिवस मी वाचवू शकलो असतो आणि काही माणसांची खेप वाचली असती.

विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी जुन्या नोंदी आणि सेटिंगची छायाचित्रे घेऊन ठेवण्यास दहा मिनिटे पुरली असती. त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही, कारण ग्राहक समोर उभा असताना काहीतरी मोठे केल्याचे दाखवावे असे दडपण प्रत्येकावर येते आणि माझ्यावरही आले होते.

विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर त्या खुणा परत येऊ शकतात. म्हणून त्या कोठे पाहायच्या हे ताईंनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे. फेब्रुवारीत मशीन पुन्हा एकदा अडले, तेव्हा त्यांनी मला फोन करण्याआधी ते पान उघडले, खुणा जागेवर असल्याचे पाहिले आणि मगच तार हलवून पाहिली. तार मशीनच्या तोंडाशी आतून तुटली होती.